पाटावर उभं राहून केलेला स्वयंपाक



मागच्या खेपेला आपण जात्याबद्दल बोललो. आज जरा लांबच्या स्वयंपाकघरात जाऊ. लांब म्हणजे थेट अमेरिकेत. पण सुरुवात माझ्याच ओट्यापासून करते.

आमच्याकडे गॅस आला १९९४ साली. तोवर सासूबाई आणि मी चुलीपुढं बसून स्वयंपाक करायचो. गॅस आला तसा ओटा बांधायचं ठरलं. गवंड्यानं विचारलं, "उंची किती घेऊ?" विचारलं कुणाला? आमच्या घरच्यांना. ते म्हणाले, "सगळ्यांचा असतो तेवढा." झालं. गवंडी उंच, घरचे उंच, आणि मी पाच फुटाला एक इंच कमी. पोळी लाटताना माझे खांदे कानाला लागायचे. शेवटी मी काय केलं, तर बसायचा पाट ओट्याखाली टाकला आणि त्यावर उभी राहिले. ज्या पाटावर बसून सासूबाईंनी जन्मभर भाकरी केली, त्या पाटावर मी उभी राहून पोळ्या करायला लागले. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्याजणींच्या घरी असा पाट असेल.

हे सगळं आठवायला कारण झाली माझी भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. ती कॅलिफोर्नियात सनीव्हेल नावाच्या गावी असते. तिथं तिनं नवऱ्याबरोबर एक जुनं घर घेतलं. जुनं म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे, १९६० च्या सुमाराला बांधलेलं. त्या वळणाच्या घरांना तिकडे 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याला जी नव्या पद्धतीची घरं निघाली ती. बसकं, जवळजवळ सपाट छप्पर. रस्त्याच्या बाजूला खिडकी नावालाच, आणि मागच्या बाजूला भिंतीऐवजी जमिनीपासून वरपर्यंत काच. मधोमध उघडं अंगण, अगदी आपल्या वाड्यातल्या चौकासारखं. घराच्या मध्यावर स्वयंपाकघर, आणि ते बैठकीकडे उघडं.

स्वयंपाकघर दुरुस्तीला आलं होतं. तिथला ठेकेदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, सगळं काढून टाकू, नवं बसवू. भाचीचा जीव होईना. कपाटांची दारं सरकती होती, लाकूड चांगलं होतं. तिनं मला फोन केला. मी शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून असली कामं माझ्याकडे येतात. म्हणाली, "मावशी, यातलं काय ठेवू आणि काय टाकू?" मी म्हटलं, आधी ते कुणी, कशासाठी तसं केलं ते बघू, मग ठरव. आणि त्या निमित्तानं मी वाचायला बसले.

मैत्रिणींनो, उभ्यानं करायच्या स्वयंपाकघराला, जे आता आपल्याकडे गावोगावी आहे, तसा फार मोठा इतिहास नाही. शंभर वर्षांच्या आसपास. आणि त्यात दोन बायकांची नावं पहिल्यांदा घ्यावी लागतात.

एक जर्मनीत काम करणारी, मूळची ऑस्ट्रियाची, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. १९२६ साली फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी स्वस्त घरं बांधायची होती, त्यासाठी तिनं स्वयंपाकघर आखून दिलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. म्हणजे सव्वासहा फूट बाय अकरा फूट. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यात एवढ्याशा जागेत इतक्या माणसांचं जेवण कसं होतं, ते तिनं नीट पाहिलं होतं. पीठ, साखर, तांदूळ यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे खण, हातानं ओढून थेट ओतता येतील असे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली.

दुसरी अमेरिकेतली लिलियन गिलब्रेथ. हिला बारा मुलं झाली. ती आणि तिचा नवरा कारखान्यात कामगार किती हालचाली करतो, त्यातल्या किती फुकट जातात, हे मोजायचे. १९२४ साली नवरा गेला. बाई तितकीच हुशार, शिकलेली, पण कारखानदार म्हणाले, आता एकट्या बाईला कसं काम द्यायचं? मग तिनं तेच मोजमाप स्वयंपाकघरात नेलं. एकच गोड पदार्थ, स्ट्रॉबेरीचा केक, आधी नेहमीच्या पसरट स्वयंपाकघरात करून बघितला आणि मग तिनं मांडणी बदललेल्या स्वयंपाकघरात. पहिल्यात २८१ पावलं पडली. दुसऱ्यात ४५. पदार्थ तोच, बाई तीच. चूल, धुण्याची जागा आणि सामानाचं कपाट एकमेकांजवळ आणलं, एवढंच.

गंमत अशी की या दोघींना स्वयंपाकाचा फारसा सराव नव्हता. शुट्टे-लिहोत्स्कीबाईंनी तर पुढं उघड सांगितलं की त्या कामापर्यंत त्यांनी घर चालवलं नव्हतं. मला यात वावगं वाटत नाही. आपण रोज करतो म्हणून आपल्याला आपली पावलं दिसत नाहीत. बाहेरच्या माणसाला दिसतात, फक्त त्यानं बघायला पाहिजे.

पण गिलब्रेथबाईंचं एक सांगणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. ओट्याची उंची ज्या बाईला तिथं काम करायचं तिच्या उंचीवर ठरवावी, असं त्या म्हणत. हे १९३० च्या आधीचं. म्हणजे माझ्या ओट्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी ही गोष्ट कुणीतरी सांगून ठेवली होती, आणि माझ्या गवंड्यापर्यंत ती पोचली नव्हती.

आता शेतकरी बायकांकडे येते, कारण तुम्हाला तेच जवळचं वाटेल. आपल्याला वाटतं अमेरिका म्हणजे पहिल्यापासून बटण दाबलं की सगळं. तसं मुळीच नव्हतं. १९३५ च्या सुमाराला तिथल्या दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. शहरात झगमगाट आणि शेतावर कंदील. पाणी बादलीनं आणायचं, चुलीत लाकूड घालायचं. वीज कंपन्या म्हणत, एवढ्या लांब दोन-चार घरांसाठी खांब कोण रोवणार, परवडत नाही. मग राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात १९३५ साली ग्रामीण विजेचं खातं निघालं, १९३६ साली कायदा झाला, आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढल्या. सरकारकडून कर्ज घेतलं आणि स्वतःच तारा ओढल्या. आपल्याकडे नगर जिल्ह्यात श्रीरामपूरच्या भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती ना, त्याच वळणाची गोष्ट. १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत तिकडे दहातल्या नऊ शेतघरांत वीज आली होती.

वीज आली तसा पंप आला, नळ आला, आणि मग प्रश्न आला, आता स्वयंपाकघर कसं मांडायचं? तिथं शेतकी खात्याच्या बायका गावोगाव फिरून घरकामाचं शिक्षण देत. त्यांच्याभोवती शेतकरी बायकांची मंडळं उभी राहिली होती. महिन्याला जमायचं, एकीच्या घरी बैठक, काहीतरी शिकायचं, काहीतरी करून बघायचं. आपल्या बचत गटाची बैठकच म्हणा. या मंडळांत स्वयंपाकघर सुधारायच्या स्पर्धा लागायच्या. पैसा नसायचा, म्हणून पेटीच्या फळ्यांची मांडणी करायची, टेबलाच्या पायांखाली ठोकळे घालून उंची वाढवायची. हेही सांगायला हवं की दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या बायकांची मंडळं वेगळी ठेवलेली होती, त्यांना पैसा आणि माणसं कमी मिळत. काम मात्र त्यांनीही केलं.

१९४९ साली शेतकी खात्यानं बेल्ट्सव्हिल इथल्या आपल्या केंद्रात शेतकरी कुटुंबासाठी नमुन्याचं स्वयंपाकघर बांधलं आणि त्याची फिल्म काढली. नावच होतं पावलं वाचवणारं स्वयंपाकघर. भाचीनं ती फिल्म मला मोबाईलवर दाखवली. नालेच्या आकाराचा ओटा, तीन बाजूंनी. कोपऱ्यातल्या कपाटात फिरती गोल फळी, म्हणजे आतलं भांडं काढायला डोकं आत घालायला नको. पिठाचा मोठा खण. भाजीची साल लोटायला ओट्यातच जागा. आणि एक गोष्ट बघून मी भाचीला म्हटलं, थांब, परत दाखव. ओट्याखालून एक फळी बाहेर ओढायची, मांडीच्या वर येते, आणि खुर्चीवर बसून तिच्यावर भाजी निवडायची, चिरायची. बसून! म्हणजे उभ्याच्या स्वयंपाकघरातसुद्धा त्यांनी बसायची जागा ठेवली होती. आपण मात्र ओटा बांधला आणि बसणं मोडीत काढलं.

मग ही चांगली कल्पना गेली कुठं? तर कारखान्यात गेली, आणि तिथं अर्धीच उरली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, घरांची टंचाई झाली, आणि हजारोंनी घरं उठू लागली. पत्र्याची, प्लायवूडची कपाटं तयार होऊन यायला लागली. वरून फॉर्मायकाचा पत्रा. आपण सनमायका म्हणतो तसाच. हा पदार्थ १९१२-१३ च्या सुमारास विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला म्हणून निघाला होता. इंग्रजीत अभ्रकाला मायका म्हणतात, 'फॉर मायका' म्हणजे मायकाच्या बदली, त्यावरून हे नाव. पुढं तो ओट्यावर येऊन बसला. पिवळा, गुलाबी, मोरपंखी, हवा तो रंग मिळे. पुसला की स्वच्छ. पण कारखान्याला एकच माप सोयीचं असतं. ओट्याची उंची ३६ इंच ठरून गेली. बाई पाच फुटी असो की पावणेसहा फुटी, ओटा ३६ इंच. रंग वाटेल तो मागा, उंची मागू नका.

१९५९ साली तर हे स्वयंपाकघर राजकारणात गेलं. मॉस्कोमध्ये अमेरिकेनं प्रदर्शन भरवलं होतं, त्यात एक लिंबासारखं पिवळं स्वयंपाकघर मांडलं होतं. तिथं उभं राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि रशियाचे क्रुश्चेव्ह यांनी वाद घातला, कुणाची राज्यपद्धत बरी. क्रुश्चेव्हनी टोमणा मारला की घास तोंडात घालून खाली ढकलायचं यंत्र नाही का तुमच्याकडे! दोन बाप्ये भांडत होते, आणि ओट्याची उंची कुणीच विचारली नाही.

भाचीचं घर बांधलं जोसेफ आयक्लर नावाच्या बिल्डरनं. हा माणूस आधी लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यात होता. एका नामांकित वास्तुरचनाकारानं बांधलेल्या घरात काही काळ भाड्यानं राहिला आणि त्याला वाटलं, असं घर साध्या माणसाला का मिळू नये? १९४९ च्या आसपासपासून पुढच्या अठरा-वीस वर्षांत त्यानं अकरा हजारांच्या आसपास घरं बांधली, बहुतेक कॅलिफोर्नियात. सनीव्हेलचा तो सगळा भाग तेव्हा फळबागांचा होता. जर्दाळू, आलुबुखार, चेरी. बागा तुटल्या आणि घरं आली. आता तिथं संगणकाच्या कंपन्या आहेत आणि आपली मराठी पोरंही पुष्कळ आहेत.

आणखी एक गोष्ट कळली, ती भाचीलाही माहीत नव्हती. त्या काळी अमेरिकेत नव्या वसाहतींत काळ्या लोकांना घरं विकत नसत. पूर्वेकडे लेव्हिटाऊन नावाची भलीमोठी वसाहत झाली, हजारो घरांची, तिथं फक्त गोऱ्यांनाच घर मिळे. कॅलिफोर्नियात चिनी-जपानी कुटुंबांनाही हाच अनुभव यायचा. आयक्लरनं मात्र ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला घर दिलं, रंग बघितला नाही. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला तरी बधला नाही. बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेनं भेदभावाविरुद्ध भूमिका घ्यायला नकार दिला, तेव्हा १९५८ साली त्यानं त्या संघटनेचा राजीनामा दिला. मी भाचीला म्हटलं, तू तेव्हा असतीस, तर दुसऱ्या कुणी तुला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. ती फोनवर गप्प झाली. नंतर म्हणाली, "मग त्याचं काही तरी ठेवायलाच पाहिजे."

आता ठेवलं काय आणि टाकलं काय ते सांगते.

वरची सरकत्या दारांची कपाटं ठेवली. दार उघडं राहिलं आणि डोक्याला लागलं, असं त्यांत होतच नाही. लाकडी भिंत ठेवली, नुसती साफ केली. दोन मुठी तुटल्या होत्या, त्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्याच काळातल्या मिळाल्या. विजेची जुनी शेगडी आणि भिंतीतली भट्टी गेली, कारण त्यांची तार उष्णतेनं कडकडीत झाली होती आणि सुटे भाग मिळेनात. तिथं इंडक्शन आलं. खालची दाराची कपाटं काढून खोल खण केले, म्हणजे कुकर काढायला गुडघ्यावर बसायला नको. ओट्यावर ग्रॅनाइट घालायचा ठेकेदाराचा आग्रह होता. भाचीनं पुन्हा तसाच सनमायकासारखा पत्रा घातला, स्वस्तही पडला आणि घराला शोभलाही.

फरशीपाशी घोडं अडलं. त्या काळात नऊ इंची चौकोनी तुकडे लावत, त्यांत आणि त्यांच्या डांबरासारख्या चिकटीत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असे. भाचीनं फोडायच्या आधी तुकडा तपासायला दिला, आणि निघालं. फोडलं की त्याची बारीक तंतूसारखी धूळ उडते, फुप्फुसात जाते, आणि कित्येक वर्षांनी कॅन्सरसारखा आजार होतो. म्हणून ती फरशी जागची हलवलीच नाही, वरून नवी घातली. मैत्रिणींनो, हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या गोठ्यावर, पडवीवर जे सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतात, त्यांतल्या बऱ्याच पत्र्यांत हाच ॲस्बेस्टॉस असतो. ते करवतीनं कापू नका, फोडू नका, तुटलेल्या पत्र्याचा चुरा कोरडा झाडू नका. पाणी मारून ओला करा, मग हलवा. पोरांना तिथं खेळू देऊ नका.

त्या फरशीखाली आणखी एक भानगड. आयक्लरच्या घरांत काँक्रीटच्या जमिनीतच गरम पाण्याचे पाईप पुरलेले असतात. थंडीत जमीन कोमट राहते, पाय सुखावतात. पण भोक पाडताना पाईप फुटला तर सगळं घर उकरावं लागतं. छपराखाली पोकळी नाही, म्हणून वायरही लपवता येत नाही. धूर ओढायचा पंखा थेट छतातून काढावा लागला. आणि पंखा तर हवाच, कारण स्वयंपाकघर बैठकीकडे उघडं. त्या काळच्या आईला ओट्यापाशी उभं राहून पोरं दिसावीत म्हणून तसं केलं होतं, कल्पना चांगली होती. पण ती आई मिरचीचा ठेचा करत नव्हती.

खरा वाद झाला उंचीवर. भाची माझ्याच वळणाची, पाच फूट. तिनं ठेकेदाराला सांगितलं, ओट्याचा एवढा तुकडा ३२ इंचांवर घे, मला पोळ्या लाटायच्यात. तो म्हणाला, असं कुणी करत नाही, उद्या घर विकताना किंमत कमी येईल. जावईबापूसुद्धा जरा कचरले. घरासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं, त्यांचंही खोटं नव्हतं. दोन दिवस काम थांबलं. भाचीनं मला फोन केला, आणि मी तिला माझ्या पाटाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला वाकून कणीक मळायला लावली आणि मग स्वतः खांदे वर करून मळून दाखवली. तुकडा ३२ इंचांवर आला. धुण्याची जागा मात्र ३६ वरच ठेवली, कारण भांडी जावईबापू घासतात.

मापाचं सोपं गणित सांगते, लिहून ठेवा. सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा. कोपरापासून तीन-चार इंच खाली चिरण्या-निवडण्याचा ओटा. मळायला, लाटायला जोर लागतो, तिथं आणखी तीन-चार इंच खाली. आपल्या गटात यंदा चौघींची घरकुलं चालू आहेत. कडाप्पा बसायच्या आधी गवंड्यापुढं स्वतः जाऊन उभ्या राहा आणि भिंतीवर खडूनं रेघ मारा. सून उंच असेल तर दोघींनी मिळून ठरवा. भांडण झालं तरी चालेल, नंतर वीस वर्षं खांदे दुखण्यापेक्षा बरं.

आणि ती १९४९ ची फळी. माझ्या बहिणीचे गुडघे गेलेत. लेकीकडे सहा-सहा महिने राहते, पण उभं राहवत नाही म्हणून स्वयंपाकघरात नुसती बघत बसायची. भाचीनं ती फिल्म सुताराला दाखवली आणि ओट्याखाली तशी ओढायची फळी करून घेतली, जुन्याच एका कपाटाच्या दाराची. आता बहीण खुर्ची ओढते, फळी ओढते आणि मटार सोलते, मेथी निवडते. परवा व्हिडिओवर दिसली. मी विचारलं, कसं वाटतंय? तर म्हणे, "सगळं झकास आहे गं. फक्त फोडणी दिली की छताला लावलेला भोंगा बोंबलायला लागतो, आणि मग जावई टॉवेल घेऊन खुर्चीवर चढतात."

पुढच्या बुधवारी भेटू. तुमच्या घरच्या ओट्याचं माप मला जरूर कळवा. नमस्कार.